अंगरक्षकांची वही

मी एक जुनी वही आहे. जुनी म्हटल्यावर नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या आजच्या वह्यांची पानं फुंकर मारली तरी सुटतात; माझ्या शिवणीचा अजून एक टाका उसवलेला नाही. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, दोनशे पानं. अक्षरओळख मात्र मला बेताचीच. लोक माझ्या अंगावर लिहितात, मी काही ते वाचत बसत नाही. पण ऐकते सगळं, आणि कोणाचा हात कसा पडतो ते मला पाठीपर्यंत कळतं.

बिट्टन मार्केटमधल्या दुकानातून मला घरी आणलं ते गोपीनाथरावांनी. घर नेहरू नगरात. सरकारी कचेरीत त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांचे कागद तपासण्यात घालवलेला. त्यांच्या लाल शाईच्या खुणेशिवाय कागद टेबलावरून हलत नसे. निवृत्त झाले, कागद थांबले, खूण मात्र हातात तशीच राहिली.

त्यांची नात मृणाल कॉलेजात शिकते. कॉम्प्युटरवर ती प्राचीन काळातल्या लढायांचा एक खेळ खेळायची. ग्रीक, रोमन, मौर्य, सगळ्यांच्या फौजा त्यात. एकदा आजोबा तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"या मौर्य सेनापतीभोवती ही कोण माणसं?"

"त्याचे अंगरक्षक, आजोबा. चिलखती घोडेस्वार."

"आणि त्या रोमन माणसाभोवती?"

"तेच."

"सगळ्यांना तेच? काहून? एकाच कारखान्यातून काढले का?"

झालं! मृणाल आणि तिचा मित्र अजिंक्य या खेळासाठी एक सुधारणा बनवत होते. जगभरचे खेळणारे ती आपापल्या खेळात घालणार होते. आता ठरलं, की ज्या सेनापतीला इतिहासात जे रक्षक, तेच खेळात द्यायचे. माझ्यावर तीन रकाने आखले गेले: सेनापती, रक्षक, पुरावा. पुस्तकातला पुरावा दाखवला तरच गोपीनाथराव लाल खूण करत. मॅसेडोनियाच्या राजाला त्याचे सोबती घोडेस्वार मिळाले. मौर्यांना शस्त्रधारी स्त्रिया द्यायच्या म्हणून मृणाल हटून बसली, तर म्हणाले, "त्या शिकारीच्या वेळी राजाभोवती असत, असं लिहिलंय. लढाईत होत्या असं कुठं आहे? दाखव." दाखवता आलं नाही. मग हत्ती आला, वर माहूत आणि तीन धनुर्धर.

अशा पानांचे फोटो मृणाल इंटरनेटवर टाकायची. लोक लाल खुणांचं कौतुक करायचे. कुठल्या कुठले लोक विचारायचे, तपासणारे ते आजोबा कोण? मीही तेव्हा जरा फुगलेच होते, खोटं कशाला बोलू!

मग आली स्पार्टाची पाळी. गोपीनाथराव म्हणाले, "राजा पायी लढायचा. भोवती तीनशे निवडक माणसं, तीही पायीच. पुस्तक मिळू दे, खूण करतो."

फोनवरून अजिंक्य कळवळला, "दादाजी, पैदल जनरल दो मिनट में मर जाता है! घोडा द्या ना त्याला."

"मरू दे. तो पळायला आला नव्हता."

त्याच आठवड्यात गोपीनाथराव चक्कर येऊन पडले. साकेत नगरच्या दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. इकडे सुधारणा द्यायची तारीख जाहीर झालेली. अजिंक्यचे फोनवर फोन, "यार, सब वेट कर रहे हैं. घोडेच टाक, कोण बघतंय?" मृणालने टाकले घोडे, खेळातही आणि माझ्या पानावरही. आणि फोटोत एकच जागा रिकामी दिसेल म्हणून आजोबांचं लाल पेन उचलून खूणही तिनेच केली.

मला कळलं ना! गोपीनाथरावांची खूण खालच्या तीन पानांवर उमटते. हिची एकावरही उमटली नाही. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

ते घरी आले. मला उघडलं. बोट त्या ओळीवर थांबलं.

"मृणाल, हे मी केलं?"

तिने तोंड उघडलं खरं. पण तेवढ्यात तिची आई कांचन चहा घेऊन आली आणि म्हणाली, "होतं असं या वयात, बाबा. परवा चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होतात." मृणालचं तोंड मिटलं. गोपीनाथरावांनी पेनाचं टोपण लावलं.

"पायीच होते, असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "म्हणजे आता माझ्या खुणेत काही राम नाही."

मला कपाटावर टाकण्यात आलं. धुळीचं मला दुःख नाही, मित्रांनो. पण खाली काय चाललंय ते ऐकू येत होतं. ते पेपर वाचेनात. सही करायची झाली तरी आधी सुनेला विचारत, "बघ गं, बरोबर करतोय ना मी?" तीन महिने त्या पोरीने हे ऐकलं.

अखेर एका सकाळी तिने मला खाली काढलं, पुसलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"आजोबा, ती खूण माझी होती. तुम्ही दवाखान्यात होतात."

"म्हणजे मी चुकलो नव्हतो?"

"नाही."

"पायी. मला आठवत होतं ना?"

"तुम्हाला आठवत होतं, आजोबा."

म्हातारा ताठ बसला. "शिक्षा नंतर. आधी तो घोडा खोड." तिने खोडला. त्यांनी खूण केली, आणि ती माझ्या तीन पानांत उतरली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी मला पुन्हा उघडलं. बोट तिथेच थांबलं.

"मृणाल, इथं खाडाखोड कुणी केली? मी चुकलो होतो का गं?"

ती मग खाली बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. आता रोज सांगते. कधी ते रागावून तोंड फिरवतात, कधी तिच्या डोक्यावर हात ठेवतात. तो दिवस कसा निघेल ते तिलाही ठाऊक नसतं.

मित्रांनो, मला कपाटावर टाकलंत तर मी वाट पाहीन; कागदाची जात माझी. माणसाचं तसं नसतं. कुणाला त्याचं खरं परत द्यायचं असेल, तर ते त्याच्या हातात टिकतंय तोवर द्या.