पानामागची गाडी

मला लहान मुलं फारशी आवडत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी वहिनीला अचानक दवाखान्यात हलवावं लागलं आणि तिथला मुक्काम लांबला तेव्हा दादाने फोन मलाच केला, कारण दुसरं कोणी नव्हतंच. मी रंगाचे डबे बंद केले, ब्रश धुतले आणि चार कपडे पिशवीत कोंबून त्याच्या घरी गेले. दारात माझा भाचा उभा होता. वय अडीच वर्षं, अंगात नुसती चड्डी, एका पायात मोजा, काखेत डंपर. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, कशात बसून आलीस. बसमध्ये, असं सांगितल्यावरच मला आत घेतलं.

त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. घरात येणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न. माणूस कोण, कशाला आला, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसे. चालत आलेल्या माणसाकडे तर तो पाठच फिरवायचा.

वहिनीला नेलं ती सकाळ दादाने मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितली. तिच्या पोटात असह्य कळा येत होत्या, अॅम्ब्युलन्स आली, स्ट्रेचरवरून तिला खाली नेलं. शेजारच्या काकूंनी पोराला गॅलरीत कडेवर घेतलं होतं. इतक्या जवळून खरी अॅम्ब्युलन्स त्याने कधी पाहिली नव्हती. तो टाळ्या पिटत होता, फिरणाऱ्या दिव्याकडे बघून खिदळत होता. गाडी निघाली तेव्हा त्याने गाडीला टाटा केला. आईला टाटा करायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

मग दुपार झाली, दुसरा दिवस उजाडला आणि गाडी काही परत येईना. ऑपरेशन नीट झालं होतं, पण जखम चिघळली आणि वहिनीचा मुक्काम लांबत गेला. वॉर्डात लहान मुलांना सोडत नव्हते. सुरुवातीला पोराने रडून घर डोक्यावर घेतलं. मी येईपर्यंत त्याने आईचं नाव घेणंच सोडून दिलं होतं. तिचा फोन आला की तो टेबलाखाली जाऊन बसायचा. मी फोन घेऊन त्याच्यामागे टेबलाखाली रांगत जायचे, तर तो भिंतीकडे तोंड करायचा. एकदा वहिनीच्या ते लक्षात आलं. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "विसरला का गं तो मला?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण माझ्याच आवाजात दम नव्हता.

दादा बेकरीत. पहाटे भट्टीवर जायचा, तिथून परस्पर दवाखान्यात, आणि संध्याकाळी यायचा तो झोपेत चालल्यासारखा. त्यामुळे दिवसभर मी आणि ड्रायव्हर. सकाळी तो माझ्या नाकी नऊ आणायचा. दुपारी मात्र आम्ही गॅलरीच्या काचेच्या दाराजवळ सतरंजी टाकून पुस्तकं घेऊन पडायचो, आणि तेवढ्या वेळापुरतं तरी आमचं बरं जमायचं.

पुस्तकं तीन. दोन जाड पुठ्ठ्यांची, कोपरे चावून मऊ झालेली. तिसरं पातळ कागदाचं, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेलं, प्रत्येक पानाच्या एकाच बाजूला चित्र आणि मागची बाजू कोरी. वाचायला त्यात काही नव्हतंच. जेसीबी, क्रेन, रोडरोलर, बंब. प्रत्येक पानावर बोट ठेवून ड्रायव्हर विचारायचा, "यात कोण?" रिकामी गाडी त्याला चालत नसे. मग मी बंबात दादाला बसवायचे, क्रेनमध्ये स्वतःला, आणि रोडरोलरमध्ये शेजारच्या काकूंना, कारण त्यांना जिना चढायला तेवढाच वेळ लागतो. एकदा बसवलेलं माणूस दुसऱ्या दिवशी हललेलं त्याला खपत नसे. काकूंना मी चुकून ट्रॅक्टरवर बसवलं, तर त्याने मला पानं मागे उलटून सगळं पुन्हा सांगायला लावलं.

बाहेर ऊन कलायचं. खालून गाड्या जायच्या, त्यांच्या काचांवरचा उजेड आमच्या छतावर चढायचा आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकत जायचा. तो वर बघून ओळखायचा, ही मोठी, ही छोटी. मला गुंगी यायची. पानातला बंब उठून छतावर चालतोय, दादा पिठाचे हात घेऊन त्यात बसलाय, मागे क्रेनमधून मी येतेय, कोणालाच कसली घाई नाही, असं काहीसं मला दिसत राहायचं. हे मी कोणाला सांगितलं नसतं. पण त्या दुपारी मला आवडत होत्या, आणि त्यातलं ते गरम, घामट, माझ्या दंडावर टेकलेलं डोकंही आवडत होतं.

फक्त पातळ पुस्तकाचं शेवटचं पान आलं की घोडं अडायचं. त्या पानावर अॅम्ब्युलन्स होती. पुस्तकातल्या सगळ्या गाड्यांची तोंडं उजवीकडे, आणि आम्ही पडायचो तिथून उजव्या हाताला घराचं दार. म्हणजे सगळ्या आपल्या बाहेर निघालेल्या. ते पान आलं की ड्रायव्हर यात कोण असं विचारत नसे. तो पुस्तक मिटायचा, खाली ठेवायचा आणि त्यावर बसायचा.

इतका वजनदार माणूस रोज बसल्यावर दुसरं काय होणार, एक दिवस ते पान सुटून आलं. कडेला फाटलंही होतं. मी चिकटपट्टी घेतली आणि कुठून कुठवर फाटलंय ते बघायला पान काचेवर धरलं, चित्र काचेकडे, कोरी बाजू माझ्याकडे. ही माझ्या हाताची सवय. मी दुकानांच्या काचांवर नावं रंगवते. रंग पावसापाण्यात टिकावा म्हणून आतून रंगवायचं असतं, म्हणजे आत उभं राहून सगळं उलटं काढायचं, तेव्हा ते रस्त्यावरून सुलटं दिसतं. त्यासाठी आधी कागदावर नाव लिहायचं, कागद पालथा काचेला लावायचा आणि उजेडात मागून दिसतं तसं गिरवायचं. आयुष्य त्यात गेलं.

बाहेर लख्ख ऊन होतं. कोऱ्या कागदातून अॅम्ब्युलन्स स्वच्छ दिसत होती, दिव्यासकट, चाकांसकट. आणि तिचं तोंड डावीकडे होतं, म्हणजे दारातून आत, घराकडे.

"फिरली," ड्रायव्हर म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. मी म्हटलं, हो, फिरली, आता घरी येतेय. त्याने कागदाला बोट लावलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या गाडीबद्दल विचारलं, "यात कोण?"

"आई," मी म्हणाले.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही पान काचेला लावून अॅम्ब्युलन्स घरी आणू लागलो. पोरगं नीट जेवायला लागलं. फोन आला की टेबलाखाली जाईना, फोनला कान लावून नुसता श्वास घेत उभा राहायचा, आणि पलीकडे वहिनी रडत हसायची. मी स्वतःवर खूश होते. दादाने तर, मुलं तुला कळतात गं, असंही म्हणून टाकलं. माझा शहाणपणा मलाच नडणार आहे, हे कोणाच्या ध्यानात यायचं?

वहिनीला घरी सोडलं त्या दिवशी दादा तिला टॅक्सीतून घेऊन आला. बऱ्या झालेल्या माणसाला घरी सोडायला अॅम्ब्युलन्स कशाला येईल? हे मला आधी सुचायला हवं होतं. सकाळपासून ड्रायव्हर काचेला नाक लावून उभा होता. दुपारी खाली टॅक्सी थांबली, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

वहिनी भिंतीला धरत आत आली. निम्मी झाली होती. दवाखान्यात निगा होईना म्हणून केस कापून टाकले होते, ते कानाच्या वरच संपत होते. तिने हात पुढे केले. ड्रायव्हरने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "कशात बसून आलीस?"

"टॅक्सीत, बाळा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. दोन क्षणच, पण मला तोंड लपवायला जागा उरली नाही. मग तो टेबलाखाली गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

वहिनीचे हात तसेच राहिले. ती खुर्चीत बसली आणि ओठ दाबून जमिनीकडे बघत राहिली.  दादा त्याला ओढून बाहेर काढायला वाकला, तेव्हा मी अशी काही खेकसले की तो तिथेच थिजला. एवढी वाट पाहून आलेल्या बाईच्या मांडीवर रडतं, लाथा झाडणारं पोर नेऊन ठेवायचं? आणि चूक कोणाची, तर माझी.

मी गॅलरीत स्टूल नेऊन ठेवलं. वहिनीला म्हटलं, "तू जरा बाहेर बस, काचेला टेकून. आत्ता काही विचारू नकोस."  मी तिला धरून बाहेर बसवलं, दार सरकवून बंद केलं आणि नेहमीच्या जागी सतरंजीवर बसून ते पान काचेला लावलं. कोणाला हाक मारली नाही.

ऊन समोरून येत होतं. वहिनीची सावली कागदावर पडली. ती गाडीत मावत नव्हती. खांदे गाडीभर झाले आणि कापलेल्या केसांचं डोकं टपावरून वर निघालं. अॅम्ब्युलन्सचं तोंड घराकडे होतं.

कागदाची सळसळ त्याच्या ओळखीची. टेबलाखालून आधी डंपर आला, मग तो. माझ्या दंडाला टेकून उभा राहिला.  छतावरून कुठल्याशा गाडीचा उजेड सरकत गेला, त्याने वर पाहिलं नाही. त्याने कागदावर, सावलीच्या बरोबर मधोमध, बोट ठेवलं.

"यात कोण?"

 हे उत्तर माझं नव्हतं. काचेपलीकडून वहिनी म्हणाली, "मी आहे."

आवाज फोनवरच्यासारखाच आला, जरा दबका, जरा लांबचा. तो आवाज त्याला पाठ होता. त्याने डंपर खाली ठेवला.

"आई," तो म्हणाला, "उतर."

दार आतून त्याने ढकललं, बाहेरून तिने, आणि ते अडकत अडकत सरकलं. तिला वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ती स्टुलावरच बसून राहिली आणि तो तिच्या गुडघ्यांमध्ये शिरला. त्याने तिचे आखूड केस मुठीत धरले. मग तोंड तिच्या मानेत घातलं ते काही केल्या बाहेर काढेना.

पान माझ्या हातातच राहिलं. गाडीला टाटा करायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.