होळीला या

मथीआतूचा आवाज आधी यायचा, टांगा मागून.

केळीच्या वाड्यांतून वळणं घेत, विहिरी ओलांडत तो यशोदेच्या अंगणापर्यंत पोचायचा. "बायांनो गं, दारी या, दारी आला पाव्हणा..." टांग्याच्या टपावर कर्णा बांधलेला, आत आतू, यशोदेची आत्या, माईक दोन्ही हातांनी धरून बसलेली, आणि शेजारी हात जोडून उमेदवार. तो फारसा बोलायचा नाही. बोलायची आतू, गायची आतू, आणि बाया दाराशी यायच्या त्याही आतूसाठी. टांगा पुढं गेला की केळीची पानं पुन्हा आपापली सळसळायला लागायची, आणि संध्याकाळी घराघरांत लोक म्हणायचे, फलाण्याचा आवाज काय घुमला आज! घुमलेला आवाज आतूचा, नाव मात्र फलाण्याचं. लहानग्या यशोदेला हे तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

पुढं ती लग्न होऊन सांडोरात आली. आतूचा गळा तिच्या मागोमाग आला. मांडवात हळदीची गाणी म्हणता म्हणता ती पक्षाच्या मांडवात कधी गेली, तिचं तिलाही आठवत नाही. पक्षाचं हळदीकुंकू असो, मेळावा असो, घरोघरी फिरणं असो, बायका जमवायच्या तर यशोदा. गळ्यात पक्षाचं उपरणं, पायांत चिखल लागलेल्या चपला, आणि ओठांवर जिथल्या तिथं जुळवलेलं गाणं. एकदा भर प्रचारात तिनं म्हटलं होतं,

"केळ व्याली गं वाडीला, घड वाकला भुईला
मत मागाया आले सारे, मत पुसलं ना बाईला."

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या होत्या. उमेदवारही हसला होता. त्याला वाटलं, टोला समोरच्या पक्षाला आहे.

यंदा त्यांचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला आणि यशोदेच्या मनात एक गोष्ट उगवली. आपण स्वतःच उभं राहावं. ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, देवापुढं हात जोडतानाही नीट नाही. दिवसभर ती ती गोष्ट पदराच्या गाठीसारखी चाचपत राहायची आणि तिचं तिलाच कळेनासं व्हायचं की ही हौस आहे, हक्क आहे, की उतारवयात डोक्यात गेलेलं ऊन आहे.

कारण बाकी सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की तिकीट सुहासिनीबाईंना. सुहासिनी साताऱ्याकडच्या, वाड्यांपलीकडं उठलेल्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या. बोलायला चटपटीत, मनानं चांगल्या, आणि इमारतींतली मतं आता वाड्यांतल्या मतांहून जास्त. दोघी जोडीनं घरं फिरायच्या. सुहासिनी दारावरची घंटी वाजवायच्या नि यशोदा वाडीतली कडी. "यशोदाताई, तुमच्याशिवाय माझं काही व्हायचं नाही हं," असं त्या रोज म्हणायच्या. यशोदा नुसती हसायची. त्या हसण्याला सुहासिनी होकार समजायच्या.

आणि मग रविवारी सकाळी पक्षाच्या ग्रुपवर बाबूचा आवाज आला. बाबू म्हणजे इकडचं पक्षाचं सगळं काम बघणारा, इथलाच, वाडीवाला. पंपाच्या आवाजात त्याचं बोलणं अर्धं बुडालं होतं.

"मंडळी, निरीक्षक सायेब येतायत. हर्षवर्धन सायेब. तिकिटासाठी जे कोन इच्छुक असतील त्यांनी होळीला या. अकराला. उशीर नको."

झालं. एवढंच.

श्रीरंग, तिचा नवरा, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढत होता. त्यानंही ऐकलं.

"इच्छुक म्हंजे कोन गं? लग्नाळू?"

"तिकीट हवं ते."

"मग तुला काय त्याचं? गानं म्हनायला बोलावतील तर जा."

तिनं खोरं उचललं. पाटातलं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवलं.

सांडोरच्या माणसाला होळी म्हणजे गाव. वसईच्या वाटेवरचं, बाजाराचं गाव. भाजी घेऊन होळीला जायचं, रिक्षा होळीला मिळते, तिचा दात दुखला तेव्हा डॉक्टर होळीलाच होता. होळीच्या सणाला त्यांच्या घरी शिमगाच म्हणत आले. म्हणजे बाबू आजचंच सांगत होता, आज अकराला, होळी गावात. पण शिमगाही तीन-चार दिवसांवर आलेला. आणि बाबू हल्ली इमारतवाल्यांत ऊठबस करून त्यांच्यासारखं बोलायला लागलेला. परवाच तो भाकरीला रोटी म्हणाला होता. मग होळीला म्हणजे कुठं, की होळीला म्हणजे कधी? तिनं बाबूला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पंपाच्या आवाजात त्याला ऐकू जात नसेल.

तेवढ्यात सुहासिनींचाच फोन आला.

"अहो यशोदाताई, ऐकलंत का? होळीला ठेवलंय म्हणे! सणासुदीचं काय हे? पुरण शिजवायचं का मुलाखत द्यायची?"

यशोदेच्या हातातलं खोरं थांबलं.

"पण नक्की होळीलाच ना?" सुहासिनींनी विचारलं.

"होळीलाच," यशोदा म्हणाली.

"बरं बाई. मग आज मी जरा केसांना मेंदी लावून बसते. तुम्ही या हं त्या दिवशी, तुम्ही शेजारी असलात की मला धीर येतो."

फोन बंद झाला. यशोदा पाण्यात पाय रोवून तशीच उभी. आपण खोटं बोललो का? शब्द तर खरा होता. होळीलाच आहे, होळीलाच. पण तो शब्द तिच्या तोंडातून गाव होऊन निघाला आणि पलीकडं सण होऊन उतरला, हे तिला माहीत होतं. माहीत होतं की नव्हतं? सणच असेल तर आपण खरंच बोललो. गाव असेल तर, तरीही खरंच बोललो. मग छातीत हे काय रुतलंय, माशाच्या काट्यासारखं?

तिनं पाय धुतले, हिरवी साडी नेसली, उपरणं पिशवीत टाकलं.

"कुठं?" श्रीरंगानं विचारलं.

"होळीला."

"आज?"

"बघते, आज आहे का ते."

श्रीरंगानं तिच्याकडं असं पाहिलं, जशी केळ अवेळी व्याली असावी.

रिक्षात बसल्यावर एकदा वाटलं, परत फिरावं. एकदा वाटलं, बाबू तिथं नसू दे. लगेच वाटलं, असू दे, आणि एकटाच असू दे. या विचाराची तिला लाज वाटली. बाहेर पालेभाज्यांचे वाफे मागं पळत होते, एका घराच्या दारातला क्रूस पांढराशुभ्र रंगवलेला, कुंपणावर मागच्या निवडणुकीचं फाटकं बॅनर. बॅनरवरच्या माणसाचं नाक तेवढं उरलं होतं. अशा नाकांसाठी आपण घसा फोडला, असं तिला वाटलं आणि हसूच आलं. मग हसण्यासारखं त्यात काय आहे तेही कळेना.

होळीच्या बाजारामागं मंडपवाल्याची शेड होती, पक्षाच्या बैठका नेहमी व्हायच्या ती. लाल खुर्च्यांची उतरंड, बांबू, कनाती, आणि या सगळ्यामधून बाबू फोन कानाला लावून येरझारा घालत होता.

"सायेब, होळी! ... नाय, सन नाय हो, गाव! गावाचं नाव होळी! ... आता गावाला हे नाव कोनी ठेवलं ते मी कसं सांगू? ... नाय नाय, आम्ही काय पेटवत नाय!"

त्यानं फोनवर हात ठेवला. "ये ये, यशोदावहिनी. बरं झालं तू तरी आलीस. सायेबानं डायरीत सन लिवलाय. ठाण्यात बसलाय अजून. आनि ती सुहासिनीबाई कुठंय? फोन उचलत नाय. तिच्या एकटीसाठीच तर घाट घातलाय सगळा."

तिच्या एकटीसाठी. यशोदेनं बांबूला हात लावला.

इथं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण गप्प राहूनच तर इतकी वर्षं गेली होती. तिनं फोन काढला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही, दुसऱ्यांदा सुहासिनींचा घाईचा आवाज आला.

"अहो, हात बरबटलेत माझे. काय झालं?"

"सुहासिनीबाई, होळी म्हंजे गाव. सन नव्हे. आज आहे, आत्ता. लगेच या."

"अगं बाई! मग मघाशी..."

"मघाशी मला अर्धं कळलं होतं. अर्धं मी कळू दिलं नाय. तुम्ही या आधी."

सुहासिनी आल्या त्या डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून. कपाळावरून मेंदीचा ओघळ भुवईपर्यंत आलेला. रिक्षावाला त्यांच्याकडं वळून वळून बघत गेला.

"हसा, हसा बाबूभाऊ! तुमच्या गावाला दुसरं नाव मिळालं नाही का?" आणि मग यशोदेकडं वळून, आवाज उतरवून, "काय हो ताई, मला येऊ द्यायचं नव्हतं तुम्हाला?"

यशोदेनं मान हलवली. ती हो होती की नाही, ते दोघींनाही कळलं नाही. सुहासिनींनी टॉवेलच्या टोकानं भुवई पुसली आणि पुढचं विचारायचं टाळलं.

बाबूनं केळीचं रिकामं क्रेट उपडं केलं, त्यावर फोन ठेवला, स्पीकर लावला. ठाण्याहून हर्षवर्धनसाहेबांचा आवाज आला, खणखणीत आणि जरा कंटाळलेला.

"हे बघा, मला नाहीतरी सणाला गावी जायचं होतं. बरंच झालं. फोनवरच उरकू. बाबू, सगळे इच्छुक हजर आहेत?"

"हायेत सायेब. म्हंजे एकच. सुहासिनीबाई."

"नमस्कार सुहासिनीताई. तुमचं काम ऐकून आहे. एकट्याच आहात ना? दुसरं कोणी नाव देत नाही? नाहीतर मी एकच नाव वर पाठवतो."

"नमस्कार सर," सुहासिनी म्हणाल्या. "माझ्याबरोबर यशोदाताई आहेत. वाड्यांतल्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दावर आहेत. त्या आपल्या..." त्या क्षणभर अडखळल्या, यशोदेकडं बघितलं.

"आपल्या प्रचाराच्या गायिका," बाबूनं जोडलं. "सायेब, आवाज असा आहे ना! वहिनी, म्हन की दोन ओळी. सुहासिनीबाईंच्या नावाची काहीतरी जुळव चटकन."

"वा, वा," फोन म्हणाला. "ऐकू या की. मग नाव नक्की करून टाकतो."

सगळे तिच्याकडं बघत राहिले. बाजारात कुणीतरी वालाच्या शेंगांचा भाव ओरडत होतं. गाणं तर घशाशी आलंच होतं, सवयीचं. सुहासिनीला जुळेल असं यमकही आलं होतं, ते तसंच घशात फिरत राहिलं. यशोदा क्रेटजवळ गेली, खाली वाकली. फोनच्या कुठल्या बाजूला बोलायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं तो सरळ उचलून तोंडापाशी धरला.

"सायेब, मी यशोदा बोलते. सांडोरची. गानं नंतर म्हनेन, पायजे तर सुहासिनीबाईंचंही म्हनेन. पन आधी नाव लिवून घ्या. मीपन इच्छुक आहे. मला उभं राहायचंय."