दुसरी सही

हेडनर्स विजयलक्ष्मीबाईंचा दरारा असा, की त्या वॉर्डात शिरल्या की नर्सा बोलता बोलता गप्प व्हायच्या. वेस्ट मांबलमच्या त्या इस्पितळात रक्त चढवताना कुणाला नुसती थंडी वाजली, तरी तिचा अहवाल केंद्राच्या नियामक कार्यालयाकडे नऊ वर्षं बाईच पाठवत आल्या होत्या. चूक लपवणारा पुढचा मुडदा पाडतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकायला छानच आहे हो. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत.

नियम असा, की रक्ताची पिशवी लावण्याआधी दोघींनी रुग्णाच्या खाटेशी उभं राहून नाव आणि रक्तगट ताडून पाहायचा, मग कागदावर दोघींनी सह्या करायच्या. अठरा रुग्णांमागे नर्स एक. दुसरी आणायची कुठून? तेव्हा बाईंनीच तोड काढली होती. रोज सकाळी आठला त्या दहा कोऱ्या कागदांवर दुसरी सही ठोकून गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवायच्या. तपासणीला येणारे भरलेला रकाना पाहून खूश, पोरींचा खोळंबा टळला, तीन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

मंगळवारी दुपारी दीड वाजता दोन रुग्णांच्या पिशव्या एकाच ट्रेमधून आल्या. रम्या नावाच्या नर्सनं शेजारच्या खाटेची 'ए' गटाची पिशवी शेषाद्रीमास्तरांना लावली. मास्तरांचं रक्त 'ओ'. मांडीचं हाड जोडून घ्यायला आलेला चांगला खुटखुटीत माणूस, गुरुवारी सकाळी गेला. मास्तर तंजावरी मराठी, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या घरातले, बाईंच्याच गणगोतातले. लहानपणी बाईंना गणित त्यांनीच शिकवलं होतं.

अधीक्षक डॉ. पद्मनाभ यांनी बाईंना खोलीत बोलावून घेतलं. अहवाल जाऊ दे, म्हणाले, मी कुठे नको म्हणतो. फक्त सोबतचा कागद तेवढा नवा जोडा, दुसऱ्या सहीचा रकाना रिकामा ठेवून. म्हणजे काय, तर पोरीनं एकटीनंच, कुणाला न दाखवता पिशवी लावली. रम्याची नोकरी जाईल, कदाचित नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही जाईल, पण बाई चार महिन्यांत निवृत्त व्हायच्या, त्यांच्या नावाला कशाला डाग? कागद त्यांनी तयारच ठेवला होता. आणि बाईंनी तो घेतला. घेतला! नऊ वर्षं दुसऱ्यांना धारेवर धरणाऱ्या बाईनं मुकाट्यानं घडी घालून तो पर्समध्ये टाकला. घाबरल्या, दुसरं काय. रम्यानं मात्र अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. ती चहाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून होती.

अहवालासाठी घरच्यांचं म्हणणंही विचारून घ्यायचं, ही बाईंचीच पद्धत. म्हणून शुक्रवारी दुपारी त्या मास्तरांच्या बायकोकडे, अन्नपूर्णाबाईंकडे गेल्या. मांबलम स्टेशनमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर. वाटलं होतं, म्हातारी दारातच शिव्याशाप देईल. तर तिनं बाईंचा हात धरून शेजारी बसवलं आणि उलट आभारच मानायला लागली, तू होतीस म्हणून मला आधार वाटला, असं म्हणत. मग तिनं त्या दुपारची हकिगत सांगितली. मास्तर दरवर्षी शाळेत रक्त द्यायचे, त्यामुळे 'ओ' तिला पाठ होतं. पिशवीवर 'ए' दिसला तशी तिनं त्या मुलीला विचारलंही. मुलगी घाईत होती. सगळं तपासलंय, पाट्टी, असं आजीची समजूत काढावी तसं म्हणून तिनं कागद पुढे केला.

"खालीं तुझी सही दिसली, विजया," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "म्हटलें, आपल्या विजयानें पाह्यलें आहे, मग मी कशाला बोलूं? गप्प बसलें."

बाईंच्या पर्समध्ये तो कागद होता. अजूनही गप्प बसता आलं असतं, म्हातारीचे आभार घेऊन जिना उतरता आला असता. त्यांना स्वतःची किळस आली.

"अक्का, म्यां पाह्यलें नाहीं," त्या म्हणाल्या. "ती सही सकाळीं आठाची. मी तेथें नव्हतेंच."

अन्नपूर्णाबाईंनी हात सोडवून घेतला.

"मग ती पिशवी वाचली कोणीं?"

"तुम्हीं, अक्का. एकट्या तुम्हींच."

अन्नपूर्णाबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं बाईंनी दार ओढून घेतलं आणि त्या निघाल्या.

इस्पितळात येऊन त्यांनी नवा कागद फाडला आणि जुना, स्वतःच्या सहीचा, अहवालाला जोडला. त्याखाली लिहिलं: दुसरी पडताळणी झालेली नाही. सही माझी, सकाळी आठची. पिशवी दुपारी दीडची. अशा सह्या मी तीन वर्षं करत होते. मग पद्मनाभांना फोन करून तसं सांगितलं. विहिरीत उडी मारायचीच असेल तर मी काय करणार, असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटचा प्रश्न उरला होता: चूक प्रथम कोणाच्या लक्षात आली, आणि केव्हा? नऊ वर्षांत या रकान्यात बाईंनी कधी डॉक्टर लिहिलं होतं, कधी रक्तपेढी, कधी स्वतःचं नाव.

त्यांनी लिहिलं: रुग्णाच्या पत्नीच्या. रक्त सुरू होण्याआधी.