इंझोरीच्या जीपचे कडक पाटे

१९४६ चा दसरा नुकताच उलटला होता, तेव्हा मी इंझोरीला आले. मित्रांनो, मी एक जुनी लष्करी जीप आहे. माझा जन्म दूर समुद्रापलीकडे झाला. ब्रह्मदेशाच्या लढाईत मी दारूगोळ्याच्या पेट्या वाहिल्या. लढाई संपली, मला लिलावात उभे केले आणि इंझोरीचे पाटील दौलतराव यांनी मला घेतले.

गावात माझे फार कौतुक झाले. बायांनी चाकांना हळदकुंकू लावले. पण मागे बसलेला माणूस उतरताना कंबर धरूनच उतरे. माझ्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान आहे. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. ओझ्याखाली पाटे दबावेत आणि खड्ड्याचा धक्का त्यांनी गिळावा, अशी ती रचना. माझे पाटे जड पेट्यांसाठी केलेले. गाडी रिकामी असली की ते ताठच राहत.

दौलतरावांचा जन्म बैलगाडीत गेला होता. बैलगाडीत मागे वजन जास्त झाले की जू वर उचलले जाते, गाडी उलार होते. म्हणून ते ओरडत, "मांगं वजन टाकू नका, उलार होईल!" माझ्यापुढे बैल होते कुठे? तरी सामान पुढेच चढे आणि माझी पाठ रिकामी राही. कोणी कुरकुरले की जानराव लोहार म्हणे, "पाटे कमजोर हायेत, पाटील. अजून एक घालतो." पाटा वाढला की मी आणखी ताठ होई. माझा ड्रायव्हर गोविंदसिंगही मान डोलावी. तो पुढे बसे. दौलतरावही पुढेच बसत. मला मात्र रोज राग गिळावा लागे.

कापूस वेचणीच्या दिवसांत दौलतरावांची आई चतुराबाई विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली. तिच्या नडगीचे हाड मोडले. गावच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावले, "लवकर वाशीमले न्या. नाही तं हाड वाकडं जुळल." चतुराबाई रोज पायी आपल्या वावरात जाणारी बाई. तिचे चालणेच पणाला लागले होते.

तिला माझ्या मागच्या भागात निजवले. वाळलेल्या चाकोऱ्यांवरून मी उडत निघाले.

"हे गाडी हाय का सूप? मले पाखडून राह्यले तुमी!"

"थोडी कळ सोस, माय," दौलतराव पुढून म्हणाले.

"तू ये मांगं. मी बसतो तिथं."

गोविंदसिंग हसला. तेवढ्यात नाला आला. मी उसळले, ती किंचाळली आणि कामट्या सुटल्या. तिला घेऊन परत फिरावे लागले.

बाजेवर घालून खांद्यावरून न्यायचे ठरले, तर ती कडाडली, "जित्तेपनी खांद्यावर जात नाही मी!" मग जानरावने काय करावे? माझ्या कमानीत आणखी एक पाटा घातला! मला बोलता आले असते तर मी गाव गोळा केले असते. या खटाटोपात आठवडा गेला.

शेवटी चतुराबाई म्हणाली, "आता माह्यं ऐका. सरकीचे पोते टाका खाली. त्याच्यावर झोपतो मी."

"माय, उलार होईल!"

"होऊ दे. पडलो तं मीच पडन, तू नाही."

तिला फक्त मऊ अंथरूण हवे होते. पण पोत्यांच्या भाराने माझे पाटे दबले आणि पहिल्यांदाच नीट हलू लागले.

"गाडी हळू काहून चालवून राह्यला, गोविंदसिंग?"

"हळू नाही, माय. तेवढ्याच जोरात हाय."

वाशीमच्या डॉक्टरांनी पाय पाहिला. हाड वाकडे जुळू लागले होते. त्यांनी जमेल तेवढे सरळ केले, पण उशीर झालाच होता; पाय थोडा आखूड राहिला.

घरी आल्यावर चतुराबाईने दौलतराव आणि जानराव दोघांना मागे बसवले. पोती काढली होती. गोविंदसिंगने मला नाल्यापर्यंत पळवून परत आणले. जानराव कंबर धरून उतरला आणि म्हणाला, "काढतो, माय. आजच काढतो." वाढवलेले पाटे निघाले. उरलेल्या पाट्यांमधला चिखल खरवडून त्यांना वंगण लावले. माझी पाठ मोकळी झाली. पण चतुराबाईचा पाय काही लांब झाला नाही.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या. मात्र त्यात बसणाऱ्याचेही ऐका.

जानराव पुढे पाटे बसवण्यात नावाजला. लावण्याआधी तो मागे बसून एक फेरी मारू लागला. गोविंदसिंग कारंजाला मोटार चालवायला गेला. दौलतराव म्हातारपणी माझ्या मागच्या बाकावर बसत, आणि मी सडायला लागल्यावर त्यांनी मला गोठ्यामागे उभे केले. चतुराबाई काठी टेकत, लंगडत, शेवटपर्यंत वावरात जात राहिली. नातवंडांनी विचारले, "आजी, या गाडीनं मोडला का तुहा पाय?" तर ती म्हणे, "नाही वं. तिचा काय दोष? मी मांगून वरडत होतो, अन् पुढच्याईले धक्का लागत नव्हता."