आठची ओळ

‘रात्र बरी गेली. चार वेळा कूस बदलली. पाठ कोरडी. सकाळी अर्धी वाटी सूप घेतलं.’

एवढं लिहून फिटर ओट्याला टेकून उभा राहिला. मोबाइलच्या कोपऱ्यात आठ वाजले तसं त्याने बटण दाबलं आणि ओळ ‘उशा-पायथा’वर गेली. लगेच मास्तरीणबाईंचा अंगठा आला. पाठोपाठ शिंपिणीचं आलं, ‘वा, वहिनींनी सूप घेतलं म्हणायचं. दादा, मीठ जरा कमीच ठेवा.’ फिटरने लिहिलं, ‘ठेवतो.’

सूप त्याने केलंच नव्हतं. ज्या पाठीबद्दल तो लिहीत होता तिची मालकीण, म्हणजे त्याची बायको, जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

‘उशा-पायथा’ हा मोबाइलवरचा एक ग्रुप होता. फिटर सोडून माणसं एकोणीस, हाक कामधंद्याच्या नावाने, आणि कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं. एवढीच ओळख आणि ती पुरेशी होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. रोज सकाळी आठच्या सुमारास प्रत्येकाने एक ओळ लिहायची: रात्र कशी गेली, खाल्लं काय, पाठ कशी आहे. तीच हजेरी. ग्रुप काढला मास्तरीणबाईंनी. शाळा सुटून बारा वर्षं झाली तरी बाईंच्या हातातली पट्टी सुटली नव्हती. घरी सासू होती, ब्याण्णव वर्षांची, आणि बाई स्वतः सत्तरीच्या.

चार वर्षांपूर्वी फिटरच्या बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. फिटर बसच्या डेपोत होता. नोकरीची पाच वर्षं शिल्लक असताना त्याने राजीनामा दिला आणि घरी बसला. बसला कसला, उभा राहिला. डोळे मिटून इंजिन उघडून परत जोडणाऱ्या माणसाला बायकोच्या गाउनाची बटणं लावता येईनात. तिचे केस विंचरताना ती डाव्या डोळ्याने रडायची. मग ग्रुपवर शिंपिणीने आवाज पाठवला, “दादा, तो पाना नव्हे, फणी आहे. टोकाकडून सुरुवात करा, मुळाकडून नाही. तीन पदर घ्या नि हलक्या हातानं विणा.” महिनाभरात फिटर अशी वेणी घालायला लागला की बघायला आलेली लेक म्हणाली, “बाबा, लहानपणी माझी का नाही घातलीत कधी?”

डेपोतले मित्र सुरुवातीला आले, मग फोनवर आले, मग तेही थांबलं. त्यांचं काही चुकलं नाही. रोज काय विचारणार? राहिली ती ही एकोणीस माणसं. चार वर्षांत बायकोच्या पाठीवर एक चट्टा उठला नाही, याचा फिटरला डेपोतल्या कुठल्याही कामापेक्षा जास्त अभिमान होता. पण हा अभिमान कळणारी माणसंही जगात तेवढीच होती.

आणि ग्रुपचा एक नियम होता. ज्याचं माणूस गेलं त्याने एक ओळ लिहायची आणि ग्रुप सोडायचा. ऐकायला निर्दय वाटतं, पण बाईंनी तो उगाच नव्हता केला. एकदा कुणाची आई गेली तेव्हा सगळे आठवडाभर सांत्वनच करत बसले. त्या गर्दीत एका नव्या बाईने विचारलं होतं, नवऱ्याच्या नळीतून रक्त येतंय, काय करू? दोन दिवस ते कुणी वाचलंच नाही. तेव्हापासून बाई म्हणायच्या, ही खोली जिवंत माणसांची सेवा करणाऱ्यांची आहे. रडायला जगात दुसऱ्या जागा आहेत.

फिटरला दुसरी जागा नव्हती.

बायको गेली त्या दिवशी त्याने काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चौदा जणांनी विचारलं होतं, ओळ का नाही, वहिनी बऱ्या आहेत ना? त्याने लिहिलं, ‘ती गेली.’ दोन शब्द. बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. हे पाठवलं की ही चौदा माणसंही गेली. एका आठवड्यात सगळंच कसं जाऊ द्यायचं? त्याने ते दोन शब्द पुसले आणि लिहिलं, ‘ताप होता. उतरतोय.’

एकदा बोललेल्या खोट्याला रोज खाऊ घालावं लागतं. फार बरी आहे म्हणावं तर अभिनंदन येणार, बिघडलं म्हणावं तर एकोणीस घरांत काळजी. म्हणून फिटरने तिला अधेमधे ठेवली, ना बरी ना वाईट. कधी कधी हात सैल सुटायचा. ‘आज खिडकीत बसली,’ असं त्याने एकदा लिहिलं. शेवटच्या वर्षात ती खिडकीत कधीच बसली नव्हती. लिहिल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की स्वतःची लाज वाटली.

लेकीला बायको गेल्याचं माहीत होतं, अर्थातच. तिनेच येऊन सगळं उरकलं होतं. ग्रुपचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती फोन करायची, “बाबा, ती कॉट काढा आता खोलीतून. आणि इकडे या.” तो म्हणायचा, “बघू.” लेकीने जाण्यापूर्वी हवेची गादी पुसून, घडी करून कपाटावर ठेवली होती, तिचा पंपही शेजारीच. त्या पंपाची मोटार फिटरने स्वतःच्या हाताने दोनदा नवी बसवली होती.

त्याच सकाळी, फिटर ‘ठेवतो’ लिहून मोबाइल खाली ठेवतोय तोवर बेकरीवाल्याची ओळ आली. बेकरीवाला ग्रुपवर नवा, दोन महिन्यांचा. चाळिशीचा असेल. वडील पडून होते. ‘वडिलांच्या कमरेखाली जखम उघडली आहे. डॉक्टर म्हणतात, हवेची गादी आजच्या आज हवी. दुकानात नाही. दहा दिवस लागतील म्हणतात. कुणाकडे आहे का?’

कुणाकडेच जादा नव्हती. असणार कशी? ज्यांच्याकडे होती त्यांच्या माणसाखाली होती.

फिटर खोलीत गेला. कपाटावर पाहिलं आणि परत आला. मग त्याने लांबलचक लिहिलं: उशा कुठे लावायच्या, टाच कशी उचलून धरायची, दोन तासांनी नव्हे तर तासाने वळवा. सगळं खरं आणि कामाचं होतं. बेकरीवाल्याने लिहिलं, ‘काका, तुमचा मोठा आधार आहे. काकू चार वर्षं टिकल्या, पाठीला ओरखडा नाही. त्यांच्याकडे बघून मी धीर धरतो.’

ते वाचून फिटरला जेवण गेलं नाही. दुपारी त्याने शहरातली तीन दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी नुसतं गादीचं चित्र होतं. गादी द्यावी तर चोरी उघडी पडणार, न द्यावी तर तिकडे म्हातारा सडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने जखमेचा फोटो टाकला. फिटरने असल्या जखमा पाहिल्या नव्हत्या. त्याने त्या होऊच दिल्या नव्हत्या. तो फोटो त्याने दोनदा मोठा करून पाहिला आणि त्याखाली काही लिहू शकला नाही.

तिसऱ्या दिवशी आठ वाजता त्याने नेहमीची ओळ टाकली आणि खाली लिहिलं, ‘माझ्याकडे एक गादी जादा पडली आहे. पत्ता पाठवा, आजच आणून देतो.’

पाच मिनिटांत फोन वाजला. मास्तरीणबाई. चार वर्षांत बाईंनी कधी फोन केला नव्हता. चोराच्या मनात चांदणं. फिटरने तो तिसऱ्या घंटीला उचलला.

“फिटर, गादी जादा कुठून आली?”

“जुनी होती, बाई. पडून.”

“गेल्या वर्षी तुमचा पंप बंद पडला, तेव्हा दोन दिवस तुम्ही त्यांना हातांनी वळवत होतात. जुनी असती तर तेव्हा काढली असती.”

पलीकडे कुणीतरी बारीक आवाजात कण्हत होतं. बाईंची सासू असणार.

“कधी गेल्या?” बाईंनी विचारलं.

“आज अठ्ठावीस दिवस.”

“तेवढेच मोजले मी.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अहो, चाळीस वर्षं पोरांची हजेरी घेतली मी. तुमची ओळ कधी आठला यायची का? आठ वीस, नऊ, कधी साडेनऊ. आणि यायची ती अर्धी. ‘रात्र बरी’ एवढंच, पुढचं अर्ध्या तासानं. घरात आजारी माणूस असलं की कुणाला सलग चार वाक्यं लिहिता येत नाहीत. आणि अठ्ठावीस दिवसांपूर्वी ओळच आली नाही, तेव्हापासून ती ठोक आठला येते. पूर्णविरामासकट.”

फिटर खाली बसला. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, आणि इथे तर बाई पहिल्याच दिवसापासून जाग्या होत्या.

“मग मला काढलं का नाहीत?”

“काढणार होते. रोज सकाळी ठरवायचे.” बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. “शिंपिणीलाही कळलं होतं. ती म्हणाली, बाई, आठ दिवस राहू द्या दादांना. मग आणखी आठ. तिला वाटायचं, कुणीतरी रोज वहिनींचं नाव घेतंय, तर घेऊ दे.”

“बेकरीवाल्याला माहीत आहे?”

“नाही. त्याला तुम्ही सांगायचं. फोनवर नाही, समोर बसून. आणि मग नियम तुम्हाला ठाऊक आहे. तो मी तुमच्यासाठी मोडायची नाही, फिटर. मोडावासा वाटतो म्हणूनच मोडायची नाही.”

“हो, बाई.”

“त्यांचा त्रास झाला का फार? शेवटी?”

हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. लोकांनी किती वाजता, कुठल्या दवाखान्यात, एवढंच विचारलं होतं. “नाही,” तो म्हणाला, “माझा हात धरून होती.” बाई फोन न ठेवता थांबल्या. पलीकडे सासूने पुन्हा हाक मारली तेव्हा म्हणाल्या, “जाते मी,” आणि गेल्या.

दुपारी गादी आणि पंप पिशवीत घालून तो बेकरीवाल्याच्या दारात उभा राहिला. खाली बेकरी, वर दोन खोल्या. बेकरीवाला अंगाने आडवा, हातांवर भट्टीचे डाग, डोळे सुजलेले. “काका,” एवढंच म्हणाला आणि पिशवी घेतली.

खोलीत जखमेचा वास होता. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. फिटरने बाह्या सरसावल्या. गादी पसरली, नळ्या जोडल्या, पंप कॉटच्या पायथ्याशी अडकवला. “जास्त कडक ठेवू नका. तळहात खाली घालून बघायचं, दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे.” मग दोघांनी मिळून म्हाताऱ्याला उचललं. बेकरीवाला काखेत हात घालून ओढायला गेला. फिटर म्हणाला, “ओढायचं नाही. कातडी मागे राहते. चादरीसकट उचला, माझ्याबरोबर. एक, दोन.” म्हातारा न कण्हता गादीवर आला. पंप घुमायला लागला आणि गादीचे पट्टे आळीपाळीने फुगू लागले.

बेकरीवाला घाम पुसत बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं.

“काका, ही तर चालू गादी आहे. मग काकूंना कशावर झोपवलंत?”

फिटर पंपाचं बटण उगीच फिरवत होता. त्याने हात काढून घेतला.

“ती गेली, बाळा. अठ्ठावीस दिवस झाले. ग्रुपवर लिहीत होतो ते खोटं होतं.”

बेकरीवाला कॉटच्या कडेला बसला. रागावेल असं फिटरला वाटलं होतं, आणि रागावला असता तर सोपं गेलं असतं. तो नुसता वडिलांकडे बघत राहिला.

“म्हणजे चार वर्षं एवढं सगळं करूनही हेच होतं?”

“हो. हेच होतं.”

“मग कशासाठी करायचं?”

खोट्याचा फिटरला आता कंटाळा आला होता. “मला नाही माहीत,” तो म्हणाला. “तिला शेवटची आंघोळ घालायला आलेल्या बायकांनी विचारलं, या किती दिवस आजारी होत्या? मी म्हटलं चार वर्षं. त्यांना पटेना. पाठ लहान मुलासारखी होती तिची. एवढंच आहे बघ माझ्याकडे सांगायला.”

बेकरीवाल्याने तोंड ओंजळीत घेतलं. खालून कुणीतरी त्याला हाक मारली, पाव संपले म्हणून. तो उठला नाही.

फिटर चादरीची घडी नीट करायला वाकला. तेवढ्यात म्हाताऱ्याने डोळे न उघडता त्याचं उजवं मनगट धरलं. हाडांची पकड, पण घट्ट. बेकरीवाला ती सोडवायला पुढे झाला. “असू दे,” फिटर म्हणाला, “मला घाई नाही.”

डाव्या हाताने त्याने खिशातून मोबाइल काढला. डाव्या अंगठ्याची सवय नव्हती, एकेक अक्षर शोधावं लागत होतं, मधेच म्हातारा हात हलवायचा आणि थांबावं लागायचं. ‘ती गेली. अठ्ठावीस दिवस,’ एवढंच आधी गेलं. उरलेलं बऱ्याच वेळाने गेलं, ‘झाले. सांगायला उशीर केला, माफ करा. गादी बेकरीवाल्यांकडे आहे.’

बाईंनी काही लिहिलं नाही. शिंपिणीने लिहायला घेतलेलं दिसत होतं. ते येऊन पोहोचण्याआधीच फिटरने ग्रुप सोडला, कारण ते वाचलं असतं तर त्याला सोडता आला नसता. मोबाइल खिशात टाकला आणि कंबर दुखायला लागली तरी तो तसाच वाकून उभा राहिला, म्हाताऱ्याला झोप लागेपर्यंत.