पाण्याने गिळलेली धग

उबवणी पेटीतला दिवा विझला आणि पिल्लंवाली पेटीकडे धावली. आत कोंबडीची शंभरेक अंडी होती. सकाळपासून काहींच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. पिल्लं बाहेर यायच्या बेतात, आणि नेमकी वीज गेली! संध्याकाळशिवाय येणार नाही, असं कळलं.

तिच्या थोरल्या भावाचं वेल्डिंगचं दुकान शेजारीच होतं. तिची हाक ऐकून तो धावत आला. पेटीतल्या तापमापीचा पारा हळूहळू उतरत होता.

"लोखंड तापवू," तो म्हणाला. "चटकन तापतं."

तापलं खरं. तापलेली पट्टी विटेवर ठेवून आत सरकवली, तर पारा असा उसळला की तिने ओरडतच ती बाहेर ओढली. जरा निववून पुन्हा ठेवली, तर थोड्याच वेळात पट्टी गार आणि पारा पुन्हा खाली.

"दादा, अशाने पिल्लं एकदा भाजतील नि एकदा गारठतील!"

गॅसवर एक जाड लोखंडी ठोकळाही तापत होता. वैतागून तिने तो चिमट्याने उचलला आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडला. चर्र झालं, वाफ उठली. पाणी आता पोळणार म्हणून तिने जपून बोट टेकवलं आणि तिचे डोळेच विस्फारले.

"दादा, हात घाल यात."

"वेड लागलंय का तुला?"

"घाल तर खरा!"

त्याने आधी बोट बुडवलं, मग अख्खा हात. पाणी नुसतं कोमट होतं. तळाचा ठोकळाही कोमटच.

"एवढी धग गेली कुठे?"

"पाण्याने गिळली!" तिने घाईघाईने दोन्ही काट्यावर तोललं. पाणी ठोकळ्याहून थोडं कमीच भरलं. "बघ! अरे, हाच तो विशिष्ट उष्मा! शाळेत नुसता घोकला होता, आज हाताला लागला. सारख्याच वजनाचं लोखंड आणि पाणी सारखंच तापवायचं, तर पाण्याला नऊपट उष्णता लागते. मग निवताना ते तेवढीच परत देणार ना? लोखंड लगेच रिकामं होतं. पाणी पुरवून पुरवून देईल!"

मग काय, नुसती धांदल! दादाने घरातल्या झाडून साऱ्या बाटल्या गोळा केल्या. पाणी तापलं, बाटल्यांत भरलं, बाटल्या फडक्यांत गुंडाळून अंड्यांच्या कडेने लागल्या. वर जाड चादर. दोघं श्वास रोखून पाऱ्याकडे बघत बसली.

पारा हळूहळू चढला, हवा होता तिथे आला आणि थांबला. बराच वेळ हललाच नाही.

"थांबला गं, थांबला!" दादा टाळ्या पिटत नाचला.

मग दुपारभर एक बाटली निवत आली की दुसरी तयार. वीज आली तेव्हा तीन अंड्यांना तडे गेले होते आणि एक ओलं, लडबडलेलं पिल्लू मान वर करायच्या खटपटीत होतं. तिचे डोळे भरून आले.

"दादा, बघायला ये ना!"

"आलो, आलो!" तो स्वयंपाकघरातून ओरडला. दोन सारख्या वाट्यांत सारख्याच वजनाचं तोलून घेतलेलं तेल आणि पाणी त्याने सारख्याच आचेवर चढवलं होतं. "अगं, तापण्यात तेल पाण्याच्या कितीतरी पुढे गेलंय! आता वाळू कुठे मिळेल?"