डायनासोरचे डोळे

“पण मेले कायनं ते सांगा ना, बाई,” शिडीवरून नवाबभाईंनी पुन्हा विचारलं. “त्याबिगर नजर कुठी लावू याची?”

बागेतल्या गाइड दिव्यानी मॅडम खाली उभ्या होत्या. “आभाळातून मोठा दगड पडला म्हणतात, भाऊ. कोणी म्हणते ज्वालामुखीच्या धुरानं गेले. कोणी म्हणते थंडी पडली, चारा संपला, उपाशी मेले. पक्कं कोणालेच माहीत नाई.”

असल्या उत्तरानं नवाबभाईंचं काम कसं भागणार? दगड पडला असेल तर जनावराची नजर वर हवी. धूर असेल तर लांब. उपाशी मेलं असेल तर जमिनीवर. बल्लारपूरच्या त्यांच्या पुतळ्यांच्या वर्कशॉपात हत्ती असो की वाघ, अंग कोणीही रंगवावं, डोळे मात्र उस्तादनंच भरायचे, अशी रीत होती.

जंगलाच्या कडेच्या या बागेतले डायनासोरही खरं तर त्यांनीच करायचे होते. मातीचे नमुने त्यांच्याच हातचे. ते नमुने घेऊन त्यांचा चेला जाहिद परस्पर बागेच्या साहेबांकडे गेला आणि सांगून आला, उस्तादची नजर गेली, हात कापते, काम मीच करतो. हाताखाली वाढलेला, त्यांच्या बायकोच्या, कमरजहाँच्या हातचं जेवलेला जाहिद! नवाबभाईंना ते कळलं रंगाच्या दुकानात, परक्याच्या तोंडून.

आणि आता उद्घाटन तोंडावर आलं, तरी जाहिदला डोळे काही केल्या जमेनात. दोनदा पुसले, दोनदा काढले. एवढं धिप्पाड जनावर बकरीसारखं बघायचं. तेव्हा हे महाशय काल मान खाली घालून दारात हजर.

“जाऊ नोका,” कमरजहाँ म्हणाली होती. “आंधळा म्हणला ना तुमाले?”

“जनावरानं काय बिघडवलं माह्यं?” म्हणत नवाबभाईंनी ब्रश घेतला. पण बसमध्ये सगळ्या वाटेनं ते आतल्या आत जळत होते, खोटं कशाला बोला.

“वरच पाहू द्या, उस्ताद,” शिडी धरून जाहिद म्हणाला. “तो दगड लटकवला ना तिकडं.” तारेला लालभडक गोळा टांगलेला होता.

नवाबभाईंनी ब्रश रंगात बुडवला. त्यांनी दोन्ही डोळे भरले. हात जरासुद्धा कापला नाही.

मॅडम मागे सरून बघू लागल्या. “भाऊ, हा तर वर पाहूनच नाई राह्यला.”

जनावर बघत होतं शेजारच्या जनावराकडे, मानेला मान लावून चरणाऱ्या आपल्या जोडीदाराकडे. चांगलंच चमकून बघत होतं.

“त्याले वर पाहाची फुरसत कुठी भेटली, बाई,” नवाबभाई म्हणाले. “तो बाजूच्यालेच पाहत राह्यला.”

जाहिदची मान खाली गेली.

नवाबभाईंनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्यानं पुसला, खिशात ठेवला. ते उतरायला लागले तसा जाहिदनं सवयीनं खांदा पुढे केला. इतकी वर्षं त्याच खांद्यावर हात ठेवून ते खाली येत होते. आज त्यांनी शिडीचा बांबू धरला आणि एकेक पायरी पायानं चाचपत उतरले.